परकी झाडे, मुदतीची मजुरी आणि सरकारी पैसा : वाचकांचे प्रश्न

दक्षिण आफ्रिकेतील ‘वर्किंग फॉर वॉटर’ या योजनेवर मागील अंकात एक टिपण प्रसिद्ध झाले होते. परदेशांतून आलेली आणि नद्यांच्या उगमक्षेत्रांत बेसुमार पसरलेली झाडे काढण्यासाठी तेथील सरकार १९९५ पासून बेरोजगारांना ठरावीक मुदतीचे काम देत आले आहे, एवढाच त्या टिपणाचा आशय होता. त्यावर आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न येथे घेतले असून सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आम्ही नोकरीभर लोकांना सांगत आलो की झाडे लावा, म्हणजे पाणी मुरेल. झाडे तोडल्याने नदीचे पाणी वाढते, हे म्हणणे त्याच्या नेमके उलट आहे. याला प्रत्यक्ष मोजमापाचा आधार आहे काय?
एक निवृत्त कृषी अधिकारी, पाटण, जि. सातारा

उत्तर : आधार आहे आणि तो बराच जुना आहे. केप प्रांतात स्टेलेनबॉश गावाजवळ योंकर्सहूक नावाचे खोरे आहे. पाइनच्या लागवडीमुळे आपले ओढे आटतात, अशी शेतकऱ्यांची तक्रार होती आणि तिचा निकाल लावण्यासाठी या खोऱ्यातील लहान लहान पाणलोटांमधून वाहणारे पाणी १९३० च्या दशकापासून नियमितपणे मोजले जाऊ लागले. काही पाणलोटांत पाइन लावायचा, काहींत मूळची वनस्पती तशीच राखायची आणि दोहोंतील प्रवाहाची वर्षानुवर्षे तुलना करायची, अशी ती पद्धत होती. पाइन वाढू लागला की ओढ्याचे पाणी घटते, हे त्या नोंदींतून निर्विवाद दिसून आले.

त्याचे कारण असे की, या डोंगरांवरील मूळ वनस्पती, जिला तेथे ‘फाइनबॉस’ म्हणतात, ती ठेंगण्या झुडपांची आहे. ती दर काही वर्षांनी वणव्यात जळून पुन्हा उगवते आणि पाणी फार थोडे वापरते. तिच्या जागी उंच, सदाहरित आणि खोल मुळांची झाडे आली, म्हणजे ती उन्हाळ्यातही पानांवाटे पाणी बाहेर टाकत राहतात. केपमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो, त्यामुळे नद्यांना पाण्याची सर्वाधिक गरज असते नेमक्या त्या महिन्यांत ही तूट जाणवते. नदीकाठच्या झाडांची मुळे थेट ओलीपर्यंत पोचत असल्यामुळे त्यांचा वापर तर आणखी जास्त असतो.

देशभराचा हिशेब १९९८ मध्ये प्रथम मांडला गेला. परकी झाडे सुमारे १ कोटी हेक्टरांवर कमीअधिक दाटीने पसरली असून त्यांच्यामुळे वर्षाला ३३० कोटी घनमीटर, म्हणजे आपल्या परिचयाच्या मापात सुमारे ११६ टीएमसी, पाणी नद्यांत येत नाही, असा तो अंदाज होता. आपल्याजवळच्या कोयना धरणाचा पूर्ण साठा १०५ टीएमसी आहे, हे लक्षात घेतले तर त्याचा आवाका कळेल. मात्र अधिक चांगल्या माहितीच्या आधारे २०१६ मध्ये केलेला अंदाज १४४ कोटी घनमीटर, म्हणजे सुमारे ५१ टीएमसी, इतकाच निघाला. योजनेचे काही समर्थक अजूनही जुना मोठा आकडाच सांगतात, हे मला योग्य वाटत नाही, कारण सुधारलेला आकडासुद्धा कोरड्या देशासाठी पुरेसा मोठा आहे. केपटाउन शहरावर २०१८ मध्ये नळ बंद करण्याची पाळी येऊ घातली होती. त्यानंतर ‘द नेचर कॉन्झर्व्हन्सी’ या संस्थेने त्या शहराच्या पाणलोटांपुरता हिशेब केला. परक्या झाडांमुळे वर्षाला ५,५०० कोटी लिटर, म्हणजे शहराला सुमारे दोन महिने पुरेल इतके, पाणी जाते आणि ते सोडवण्याचा खर्च समुद्राचे पाणी गोडे करण्यासारख्या उपायांच्या मानाने फारच कमी आहे, असा त्या हिशेबाचा निष्कर्ष होता.

आपण जे लोकांना सांगत आलात ते यामुळे खोटे ठरत नाही. जेथे मुळात जंगल नव्हते अशा डोंगरांवर बाहेरची झाडे आल्याची ही गोष्ट आहे. सह्याद्रीतील एखादी देवराई तोडल्यास कोयनेचे पाणी वाढेल, असा अर्थ तिच्यातून कोणी काढू नये.

प्रश्न : या योजनेला पैसा कोठून येतो, काम कोणाला मिळते आणि मजुरी किती असते?
विटा, जि. सांगली, तसेच बार्शी येथील वाचक

उत्तर : वर्णभेदाची राजवट संपून १९९४ मध्ये लोकनियुक्त सरकार आले, तेव्हा पुनर्रचना आणि विकास कार्यक्रमासाठी स्वतंत्र निधी उभारण्यात आला होता. जलव्यवहार आणि वने या खात्याचे तत्कालीन मंत्री कादर अस्माल यांनी त्या निधीतून २.५ कोटी रँड (रँड हे तेथील चलन) मिळवून १९९५ मध्ये हे काम सुरू केले. वनस्पतिशास्त्रज्ञ आणि वनाधिकारी या झाडांविषयी आधीपासूनच सांगत होते, परंतु निसर्गरक्षणाच्या नावाने मागितलेला पैसा नव्या सरकारच्या यादीत शेवटी राहिला असता. घरे नाहीत, नळ नाहीत, काम नाही, अशा लाखो लोकांपुढे झुडपांच्या दुर्मिळ जातींची बाजू मांडणे कठीण होते. अस्माल यांनी हाच खर्च पाण्याचा आणि रोजगाराचा खर्च म्हणून मांडला आणि माझ्या मते योजना इतकी वर्षे टिकली ती मुख्यतः या मांडणीमुळे. पुढे २००४ मध्ये सरकारने सर्व सार्वजनिक कामांसाठी एक विस्तारित कार्यक्रम आखला, त्यात ही योजनाही सामील झाली.

काम कंत्राटी टोळ्यांमार्फत चालते, मात्र कंत्राटदार शक्यतो स्थानिक आणि पूर्वी स्वतः मजुरी केलेला असावा, अशी अपेक्षा असते. झाडांची जात, दाटी, बुंध्यांची जाडी आणि उतार पाहून एखाद्या तुकड्यासाठी किती मनुष्यदिवस लागतील हे आधी ठरवले जाते आणि काम तपासून झाल्यावर पैसे दिले जातात. मजुरांत ६० टक्के स्त्रिया असाव्यात, तरुणांसाठी आणि अपंगांसाठी काही जागा राखाव्यात, असे उद्दिष्ट ठेवलेले आहे. एड्सची साथ भरात असताना या टोळ्यांना त्या रोगाविषयी माहिती देणे हा प्रशिक्षणाचाच भाग होता.

मजुरीचा विषय मात्र खटकणारा आहे. दक्षिण आफ्रिकेत १ जानेवारी २०१९ पासून राष्ट्रीय किमान वेतन लागू झाले, तेव्हा सर्वसाधारण दर ताशी २० रँड आणि शेतमजुरांचा १८ रँड ठरला, तर सार्वजनिक कामांवरील मजुरांसाठी तो अवघा ११ रँड ठेवण्यात आला. दर कमी ठेवला की ज्यांना दुसरे काम मिळू शकते ते इकडे येत नाहीत आणि खऱ्या गरजूंनाच लाभ होतो, असे त्याचे समर्थन केले जाते. आपल्या रोजगार हमीच्या चर्चेतही हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. परंतु उभ्या कड्यावर यांत्रिक करवत चालवणे आणि तणनाशक हाताळणे ही जोखमीची आणि कौशल्याची कामे आहेत. ती करणाऱ्यांना शेतमजुराहूनही कमी दर देणे मला अन्यायाचे वाटते आणि त्याचा परिणाम कामाच्या दर्जावर झाल्यावाचून राहत नाही.

प्रश्न : तात्पुरती नोकरी संपल्यावर या लोकांचे काय होते?
स्वयंसेवी संस्थेतील एक कार्यकर्ती, नाशिक

उत्तर : योजनेची सर्वांत दुबळी बाजू हीच आहे. २००२ मधील नियमांनुसार अशा कामांवर एका व्यक्तीला पाच वर्षांच्या काळात २४ महिन्यांहून अधिक ठेवता येत नसे. संधी अधिक लोकांना मिळावी आणि माणसे सरकारी मजुरीवर अवलंबून राहू नयेत, हा हेतू वाईट नव्हता. पण या कामात हात बसायला वेळ लागतो. कोणते रोप परके आणि कोणते मूळचे, कोणता बुंधा तोडायचा आणि कोणत्याची नुसती साल काढून तो उभा वाळवायचा, तणनाशक किती वेळात लावले पाहिजे, हे ज्याला नीट कळू लागते त्यालाच नियमाप्रमाणे घरी पाठवायचे, असा प्रकार त्यातून घडू लागला. बाहेर पडल्यावर त्या कौशल्याला बाजारात मागणी कितीशी असणार? झाडे काढून घेण्यासाठी पैसे देणारे गिऱ्हाईक बहुतेक ठिकाणी सरकारच आहे.

काही वाटा निघाल्या, हेही सांगितले पाहिजे. वणवे विझवणाऱ्या पथकांची ‘वर्किंग ऑन फायर’ ही योजना २००३ मध्ये सुरू झाली आणि तिने तरुणांना अधिक स्थिर काम दिले. तोडलेल्या लाकडापासून शाळांची बाके आणि स्वस्त शवपेट्या बनवण्याचे कारखानेही निघाले. तरीही एकदा काम मिळालेल्या बहुसंख्यांना त्यातून कायमचा रोजगार मिळाला, असे म्हणता येणार नाही.

प्रश्न : एवढा खर्च होऊनही झाडे संपत नसतील, तर हा पैसा पाण्यात गेला असे का म्हणू नये?
पुणे, अहिल्यानगर आणि बेळगाव येथून आलेली पत्रे

उत्तर : हा प्रश्न सर्वाधिक वाचकांनी विचारला आहे आणि तो योग्य आहे. १९९५ ते २००८ या काळात योजनेवर सुमारे ३२० कोटी रँड खर्च झाले. त्या कामाचा जो आढावा २०१२ मध्ये संशोधकांनी प्रसिद्ध केला, त्यात एकूण प्रादुर्भावाच्या मानाने हात लागलेले क्षेत्र अल्प असल्याचे आणि अनेक भागांत झाडांचा फैलाव चालूच असल्याचे दिसून आले. टीका करणारे हे संशोधक योजनेचे शत्रू नव्हते. परकी झाडे हटली पाहिजेत, असे सांगण्यात त्यांतील अनेकांची हयात गेली होती.

अपयशाचे मूळ समजून घेण्यासाठी काळी वॉटल हे झाड पाहावे. बाभळीच्या जवळच्या कुळातील हे ऑस्ट्रेलियन झाड कातडी कमावण्यासाठी लागणाऱ्या सालीकरता एकोणिसाव्या शतकात तेथे नेले गेले. त्याचे बी मातीत कित्येक दशके जिवंत राहते आणि वणव्याच्या धगीने एकदम रुजते. म्हणून झाड तोडल्यावर, विशेषतः तोडलेल्या लाकडाचे ढीग जळाले, तर त्या जागी रोपांचा गालिचाच उगवतो. ही रोपे कोवळी असताना हाताने उपटता येतात आणि त्याला खर्चही थोडा येतो, पण दोनतीन वर्षे कोणी फिरकले नाही तर पूर्वीपेक्षा दाट जाळी तयार होते. थोडक्यात, पहिल्या तोडणीचा सगळा खर्च हा पुढच्या फेऱ्यांच्या भरवशावर केलेला असतो आणि त्या फेऱ्या चुकल्या की तो संपूर्ण वाया जातो.

रोजगार योजनेचा पैसा आणि हे काम यांची गाठ नेमकी येथेच नीट बसत नाही. पैसा आर्थिक वर्षानुसार येतो, उशिरा आला तर रोपे उपटण्याचा हंगाम निघून जातो आणि मार्चअखेर तो संपवण्याची घाई होते. योजनेचे यश किती मनुष्यदिवस काम दिले यावर मोजले जात असल्यामुळे नवे तुकडे उघडण्याकडे ओढा राहतो, कारण जुन्या तुकड्यावरच्या पुढच्या फेरीत माणसे कमी लागतात. प्रत्येक भागाला रोजगार मिळावा म्हणून काम देशभर पातळ पसरवले जाते, तर पाण्याच्या दृष्टीने ते मोजक्या महत्त्वाच्या पाणलोटांत एकवटणे आवश्यक असते. या दोन उद्दिष्टांतील ताण कोणत्याही परिपत्रकाने मिटत नाही. तो मान्य करून फेरीच्या कामासाठी बांधील, अनेक वर्षांचा निधी वेगळा काढून ठेवणे, हाच त्यावरचा उपाय आहे असे माझे ठाम मत आहे.

याच संदर्भात जैविक नियंत्रणाचा, म्हणजे झाडाचे नैसर्गिक शत्रू असलेले कीटक किंवा बुरशी सोडून त्याला आवर घालण्याच्या उपायाचा, उल्लेख करणे भाग आहे. काळ्या वॉटलच्याच कुळातील लांब पानांच्या वॉटलवर कळ्यांत गाठी निर्माण करणारी एक चिमुकली गांधीलमाशी ऑस्ट्रेलियातून आणून १९८० च्या दशकात सोडण्यात आली आणि तिने त्या झाडाचे बी धरणे फार मोठ्या प्रमाणावर रोखले. त्याच कुळातील पोर्ट जॅक्सन वॉटलसाठी १९८७ मध्ये गाठी आणणारी एक तांबेरा बुरशी आणली गेली. हे उपाय वर्षानुवर्षे फुकट काम करतात, पण ते कोणालाही मजुरी मिळवून देत नाहीत आणि म्हणून रोजगाराच्या अंदाजपत्रकात त्यांना नेहमीच थोडा वाटा मिळाला. शिवाय काळी वॉटल हे तेथे आजही लागवडीचे पीक असल्यामुळे तिच्यावर केवळ बी खाणारे कीटकच सोडू द्यावेत, असा लागवडदारांचा आग्रह राहिला.

पैसा पाण्यात गेला काय, याचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, कारण काहीच केले नसते तर फैलाव याहून कितीतरी जास्त झाला असता आणि ज्या खोऱ्यांत फेऱ्या चुकल्या नाहीत तेथे ओढे आणि मूळची झुडपे परत आलेली आहेत. परंतु तोच पैसा अधिक शिस्तीने खर्च झाला असता, तर आज चित्र बरेच वेगळे दिसले असते.

प्रश्न : आमच्याकडे न्यूझीलंडमध्ये कोविडच्या काळात अशाच कामांसाठी मोठा निधी दिला गेला. त्याचा अनुभव वेगळा आहे काय?
ऑकलंड येथील एक मराठी वाचक

उत्तर : सुरुवात वेगळी आहे, शेवट मात्र पुष्कळसा सारखा आहे. सीमा बंद झाल्यामुळे पर्यटनावर जगणारी गावे बेकार झाली, तेव्हा मे २०२० च्या अर्थसंकल्पात निसर्गविषयक रोजगारासाठी १०० कोटी न्यूझीलंड डॉलरांहून अधिक रक्कम ठेवण्यात आली आणि ११,००० रोजगारांचे उद्दिष्ट जाहीर झाले. आपोआप पसरणाऱ्या पाइनसारख्या शंकुधारी झाडांचे निर्मूलन हा त्यातील एक मोठा भाग होता आणि त्यासाठी चार वर्षांकरता १० कोटी डॉलर मिळाले. न हटवल्यास ही झाडे दर वर्षी सुमारे ५ टक्क्यांनी पसरतात, असे तेथे मानले जाते. निधी असेपर्यंत काम झपाट्याने झाले, पुढे तो आटला आणि साफ केलेल्या डोंगरांवर पुन्हा रोपे दिसू लागण्याची चिंता उरली. संकटकाळच्या पैशाला संकटाइतकेच आयुष्य असते, पण या झाडांचे बी अर्थसंकल्प पाहून थांबत नाही.

प्रश्न : महाराष्ट्राला तर रोजगार हमीची परंपरा आहे. मग घाणेरी, जलपर्णी, गाजर गवत यांच्यासाठी असे काम का काढू नये?
अनेक वाचक

उत्तर : परंपरा आहे, हे खरेच अभिमानाने सांगण्यासारखे आहे. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पोचलेली आणि वि. स. पागे यांच्या विचारातून उभी राहिलेली रोजगार हमी योजना १९७७ च्या कायद्याने हक्क बनली आणि तो कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. तिच्या खर्चासाठी शहरांतील नोकरदारांवर व्यवसाय कर बसवण्यात आला, ही तरतूद तर जगात क्वचितच आढळेल. दक्षिण आफ्रिकेच्या बरीच आधी आपण हे केले होते.

अडचण आहे ती कामाच्या स्वरूपाची. आपल्या व्यवस्थेत काम म्हणजे बांध, तळे, चर, रस्ता, म्हणजे ज्याचे खोदकाम मोजून मापवहीत लिहिता येते आणि जे नंतरही उभे दिसते. काढून टाकलेली घाणेरी पुढच्या वर्षी दाखवता येत नाही. शिवाय नुसती वरून छाटली तर ती बुंध्यातून दुप्पट जोमाने फुटते. दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबू यांच्या गटाने कॉर्बेट व्याघ्रप्रकल्पात वापरलेली पद्धत अशी आहे की, मुख्य मूळ जमिनीखाली काही सेंटीमीटरवर तोडायचे, झुडूप उलटे करून वाळू द्यायचे आणि मोकळ्या जागेवर लगेच स्थानिक गवत येईल असे पाहायचे. फळे धरण्यापूर्वी हे झाले पाहिजे, कारण पक्षी बी दूरवर नेतात. यासाठी यंत्र लागत नाही, कुदळ आणि मनुष्यबळ लागते, म्हणून रोजगाराच्या योजनेत हे काम चांगले बसू शकते.

जलपर्णीबाबत माझे मत वेगळे आहे. पंचगंगा, पवना किंवा मुळा-मुठा यांत ती सांडपाण्यावर पोसली जाते. सांडपाणी बंद न करता दर वर्षी मजूर लावून ती काढणे म्हणजे कायमची मजुरी निर्माण करणे होय आणि तेही दूषित पाण्यात उतरून करावी लागणारी मजुरी. तेथील पैसा आधी मैलापाणी शुद्धीकरणावर खर्च व्हावा. गाजर गवताने त्वचेला आणि श्वासाला त्रास होतो, त्यामुळे हातमोजे आणि मुखपट्टी दिल्याशिवाय कोणत्याही मजुराला त्यात उतरवू नये. ते फुलण्याआधीच उपटले पाहिजे.

प्रश्न : आमच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाला आहे. जंगलात रायमुनिया (म्हणजेच घाणेरी) आणि रानतुळस फार वाढली असून त्यामुळे गवत आणि चारोळीची रोपे दबतात. ती काढण्यासाठी निधी मागताना काय मागावे?
एका ग्रामसभेचे सदस्य, जि. गडचिरोली

उत्तर : २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे. त्यामुळे हे काम आपल्या व्यवस्थापन आराखड्यात लिहून घ्यावे. सर्व जंगल एकदम हाती घेऊ नये. ज्या तुकड्यात मूळचे गवत आणि रोपे अजून तग धरून आहेत आणि रायमुनिया विरळ आहे, तो आधी निवडावा, कारण तेथे थोड्या श्रमात जंगल स्वतःच सावरते. सर्वांत दाट जाळी शेवटी घ्यावी, जरी अधिकाऱ्यांना दाखवायला तीच सोयीची वाटली तरी.

प्रस्तावात पहिल्या वर्षाच्या कामाबरोबरच पुढील किमान तीन वर्षांच्या फेऱ्यांचे मनुष्यदिवस, महिने आणि रक्कम स्वतंत्र ओळींत दाखवावी आणि पुढची रक्कम मंजूर होणार नसेल तर तेवढ्या प्रमाणात पहिल्या वर्षाचे क्षेत्रच कमी करावे. दर फेरीला शक्यतो त्याच माणसांना बोलवावे, विशेषतः चारा आणि वनोपज गोळा करणाऱ्या स्त्रियांना, कारण रोप लहान असताना ते ओळखण्याचे ज्ञान त्यांच्याकडेच असते. काढलेल्या रायमुनियाच्या काड्यांपासून कर्नाटकातील मलेमहादेश्वर डोंगरात सोलिगा आदिवासी कारागीर खुर्च्या आणि टोपल्या बनवतात. आपल्याकडे बुरूडकाम जाणणारे असतील तर तशी खटपट करून पाहण्यास हरकत नाही, मात्र त्या विक्रीवर फेऱ्यांचा खर्च अवलंबून ठेवू नये. कामाचे मोजमाप किती झुडपे काढली यावर न ठेवता, दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्याच आखलेल्या चौकटीत रायमुनियाची किती रोपे उरली आणि गवत किती आले, यावर ठेवावे. ती मोजणी ग्रामसभेने स्वतः करून तिची नोंद आपल्या वहीत ठेवावी, म्हणजे पुढील हप्ता मागताना ती पुढे करता येईल.